गोल गोल फिरतंय, म्हणजे नक्की काय होतंय?

शेवटची ओव्हर चालू आहे. शेजारच्या फ्लॅटमधून "गेलाऽऽ!" अशी आरोळी उठते आणि तुमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पँटला घासतोय. शेजाऱ्याकडे डिश आहे, तुमच्याकडे नेट. आता गंमत बघा. डिशचा सिग्नल विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर असलेल्या उपग्रहापर्यंत जातो आणि तेवढाच परत खाली येतो. तुमचा सिग्नल बहुधा तुमच्याच शहरातल्या किंवा जवळच्या मोठ्या शहरातल्या एखाद्या इमारतीतून निघालेला असतो. तरी लांबचा आधी पोचतो आणि जवळचा वीस-तीस सेकंद मागे! असं का?

उत्तराच्या आधी एक हिशेब करू. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट आणि सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला जवळपास 125 कोटी बिट होतात. घरची 100 एमबीपीएसची लाईन आणते सेकंदाला 10 कोटी. म्हणजे हे चित्र आहे तसं पाठवायचं तर याच्या बारापट लाईन लागेल, आणि ती फक्त एका टीव्हीला.

आणि प्रत्यक्षात? तेच चित्र पाच ते आठ एमबीपीएसमध्ये येतं. दीडशे-अडीचशे पट पिळून! युक्ती अशी की एका चित्रातलं बहुतेक सगळं पुढच्या चित्रात तसंच असतं. मैदानाचं गवत एकदा पाठवलं की झालं. पुढे फक्त 'हा तुकडा चार ठिपके डावीकडे सरकला' एवढी सूचना पुरते. 2003 साली ठरलेली एच.264 ही पद्धत हेच करते आणि ती आजही सर्रास वापरात आहे.

म्हणूनच कॅमेरा चेंडूमागे सर्रकन फिरला, किंवा बक्षीस समारंभात चमचमत्या कागदांचा पाऊस पडला, की चित्राचे चौकोन चौकोन होतात. त्या क्षणी जवळजवळ प्रत्येक ठिपका नवा असतो, वाचवायला काही उरतच नाही. यात तुमच्या लाईनीचा दोष असेलच असं नाही. त्यासाठी नेटवाल्याला फोन लावून उपयोग नाही.

आता ते गोल फिरणारं चक्र. पिळलेल्या चित्राचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींत तयार असतो: एक अगदी लख्ख, एक धूसर, बाकीच्या मधल्या. यातली कुठली प्रत मागवायची हे कोण ठरवतं? तुमचा टीव्ही! मागचा तुकडा यायला किती वेळ लागला हे तो मोजतो आणि पुढचा जड मागवायचा की हलका, ते ठरवतो. सिनेमा सुरू होताना पहिले काही सेकंद चित्र अंधुक असतं आणि मग एकदम निवळतं, तो हाच निर्णय.

आलेले तुकडे टीव्ही लगेच दाखवत नाही, थोडे साठवून ठेवतो. नळाचं पाणी कमी-जास्त झालं तरी गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर खाली बादली भरत राहते, तसं. टाकी कोरडी पडली की चक्र फिरायला लागतं. सिनेमाची टाकी मोठी करता येते, कारण अख्खा सिनेमा तयार आहे. पण मॅचचं काय? पुढची ओव्हर अजून कोणी टाकलेलीच नाही, मग साठवणार काय? म्हणून मॅच मुद्दाम थोडी मागे दाखवतात. त्या उशिरामुळेच थोडीशी शिल्लक हाताशी राहते. शेजाऱ्याची आरोळी आधी ऐकू येते, ती बरीचशी त्यामुळे.

दुरुस्तीची पहिली खूणगाठही इथेच हाती लागते. सिनेमा सुरळीत चालतो पण मॅच अडकते? मग लाईनीची ताकद पुरेशी आहे, ती मध्येमध्ये गचके खातेय. दोन्ही अडकतात? मग पाणीच कमी येतंय. राऊटरशेजारी फोनवर सगळं छान आणि टीव्हीवर मात्र अडकतं? मग भानगड राऊटर आणि टीव्ही यांच्या मधल्या हवेत आहे, नाहीतर खुद्द टीव्हीत. माझं मत विचाराल तर निम्मा राग आपण भलत्याच माणसावर काढतो.

कारण बाहेरचा रस्ता थक्क करणारा आहे. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी लोक एकदम बघत होते. एवढ्यांना एकाच जागेहून चित्र पुरवणं शक्यच नाही. म्हणून तुकड्यांच्या प्रती गावोगावच्या यंत्रांत ठेवलेल्या असतात, अनेकदा नेट कंपन्यांच्याच जागेत. तिथे एकदा आणलेला तुकडा हजारो घरांना वाटता येतो. नेटफ्लिक्स तर 2012 पासून आपले भरलेले डबे नेट कंपन्यांना बसवायला देते आणि लोक झोपलेले असताना त्यांत नवा माल भरते.

तिथून फायबर. केसाएवढ्या काचेतून येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा 1310 चा. डोळ्यांना न दिसणारे हे दोन रंग एकाच काचेत समोरासमोर धावतात आणि धडकत नाहीत! वाटेत विजेशिवाय चालणारी एक छोटी डबी त्या प्रकाशाचे 32 किंवा 64 घरांसाठी भाग करते. पण सोफ्यामागे ही वायर काटकोनात दुमडली, तर प्रकाश वळणावर काचेतून बाहेर निसटतो. फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल दिसला, तर आधी ते वळण बघा. सेटिंगमध्ये शिरू नका.

आणि मग शेवटचे दहा मीटर, म्हणजे वायफाय. खरा चमत्कार इथे आहे आणि खरी अडचणही.

खोलीत लहरी भिंतींवर, फरशीवर, लोखंडी कपाटावर आपटून परततात. एकाच संदेशाचे दहा प्रतिध्वनी थोड्याथोड्या अंतराने पोचतात आणि एकमेकांत मिसळतात. ही गुंतागुंत सोडवणाऱ्यांपैकी एक होते ऑस्ट्रेलियन अभियंते जॉन ओ'सलिव्हन. स्टीफन हॉकिंगनी 1974 मध्ये सुचवलं होतं की इवलीशी कृष्णविवरं स्फोट होऊन संपत असावीत. त्या स्फोटांची रेडिओ चाहूल ओ'सलिव्हन आणि सहकारी नेदरलँड्समध्ये शोधत होते. स्फोट काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या सिग्नलवर काम करायचं गणित हाताशी राहिलं. पुढे सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संस्थेत त्यांच्या चमूने ते खोलीतल्या प्रतिध्वनींवर वापरलं. एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी किंचित वेगवेगळ्या लहरींवर अनेक संथ प्रवाह एकदम पाठवायचे, म्हणजे पुढचं अक्षर येईपर्यंत मागच्याचा प्रतिध्वनी विरलेला असतो. 1996 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. तुमच्या बेडरूममधल्या मालिकेचं एक मूळ कृष्णविवरांच्या फसलेल्या शोधात आहे, हे सांगितलं तर घरात कोणाला खरं वाटेल का?

तरी मर्यादा आहेतच. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, जेमतेम अर्धी वीत. प्रतिध्वनी एका बिंदूवर एकमेकांना मारतात आणि चार बोटं पलीकडे एकमेकांना बळ देतात. म्हणून राऊटर नुसता थोडा सरकवून, उंच आणि उघड्यावर ठेवून बघा, खरोखर फरक पडतो. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच लहरींवर चालतो. पॉपकॉर्न फुटताना मालिका अडकली तर नवल नाही. शिवाय वायफाय भलतं सभ्य असतं: आधी ऐकायचं, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. बिल्डिंगमध्ये वीस राऊटर असतील तर सगळेच थांबून राहणार! 5 गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस, पण भिंती सोसत नाहीत. टीव्ही त्याच खोलीत असेल तर 5 निवडा.

दोन भिंती आड असेल, तर 2.4. तरीही अडकलं, तर टीव्ही आणि राऊटरचा प्लग काढून पुन्हा लावायचा उपाय करून बघा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो, त्याची तुंबलेली मेमरी प्लग काढल्यावर मोकळी होते. राऊटरही पुन्हा सुरू होताना बहुधा कमी गर्दीचा चॅनेल शोधतो. एवढ्याने भागलं नाही तर सरळ राऊटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. दिसायला बरी नाही, पण त्या तारेत ना शेजारी ना मायक्रोवेव्ह. फक्त एक लक्षात असू द्या: पुष्कळ टीव्हींचं लॅनचं भोक 100 एमबीपीएसपुरतंच असतं. 300 चा प्लॅन घेऊनही स्पीड टेस्ट नव्वदच्या घरात थांबेल. 4केच्या चित्राला 15 ते 25 पुरतात, तेव्हा त्यावरून नेटवाल्याशी भांडण काढू नका.