पाहुणा मासा

ज्यांच्या पाकगृहांत मासा कधीं शिरत नाहीं, अशा वाचकांसही ट्राउटची कथा मननीय वाटेल असा आमचा समज आहे. तपकिरी ट्राउट हा मूळचा युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील मासा. अंगावर काळे-तांबडे ठिपके, वृत्ति शिकारी, आणि आवड थंड, निर्मळ, वाहत्या पाण्याची. मादी नदीच्या तळाशीं शेपटीनें खळगा करून त्यांत अंडीं घालते व वर खडे लोटते. त्या खड्यांमधून प्राणवायुयुक्त पाणी खेळत राहिलें तरच अंडीं जगतात. म्हणून गढूळ वा उष्ण पाण्यांत त्याचा वंश टिकत नाहीं.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटांत हा मासा पोंचला, तो मात्र दुसऱ्यासाठीं केलेल्या खटपटींतून. तेथील इंग्रज वसाहतकारांना आपल्या नद्यांत सामन मासा हवा होता. विलायतेहून अंडीं आणण्याचे पहिले प्रयत्न फसले. अखेर जेम्स यूल यांनीं ओल्या शेवाळांत अंडीं ठेवून त्या पेट्या बर्फांत ठेवण्याची युक्ति योजिली. थंडीनें अंड्यांची वाढ मंदावते, हें तिचें मर्म. १८६४ सालीं ‘नॉरफोक’ जहाजानें सामनचीं एक लक्षाहून अधिक अंडीं आणिलीं; ट्राउटचीं सुमारें तीन हजार केवळ जोडीला होतीं. सामनचीं पिलें समुद्रांत गेलीं, तीं परतलींच नाहींत. ट्राउट मात्र नद्यांत फोफावला, आणि १८६७ सालीं त्याचीं अंडीं तेथून न्यूझीलंडासही गेलीं. करावयास गेले गणपति आणि झाला मारुति!

याचा भुर्दंड मूळच्या लहान माशांस पडला. अशा शिकाऱ्याची संवय नसलेले गॅलॅक्सियस जातीचे मासे अनेक प्रवाहांतून नाहींसे झाले. १९७२ सालीं पेडर सरोवर धरणाच्या पाण्याखालीं गेल्यावर तेथील पेडर गॅलॅक्सियसवर ट्राउट व दुसरी एक आगंतुक मत्स्यजाति यांचें संकट आलें. आज तो मूळ स्थानीं उरला नसून, अन्यत्र नेऊन सोडला तेथेंच जिवंत आहे.

ट्राउटला दोष देणें व्यर्थ. तो आपल्या स्वभावाप्रमाणें वागला. काश्मीरच्या थंड प्रवाहांतही १९०० च्या सुमारास तो आणिला गेला. महाराष्ट्रांतील उष्ण नद्या त्यास मानवत नाहींत हें खरें; परंतु ऊन पाण्यांत तगणारे कित्येक परदेशी मासे आज आपल्या घरांतून काचेच्या पेटींत पोहत असतात. मुलांची हौस फिटली कीं, ‘बिचाऱ्यांना मोकळें करूं’ म्हणून ते नदींत वा तळ्यांत सोडण्याचा मोह वडील माणसांसही होतो. त्या वेळीं टास्मानियाचें स्मरण ठेवावें, व नको झालेले मासे ते पाळणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाच्या स्वाधीन करावे, अशी आमची वाचकांस विनंति आहे.