अख्ख्या ज्वारीचा वाडगा

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तरी महाराष्ट्रात ज्वारी अजून बहुतांशी भाकरीतच अडकलेली आहे आणि तिचे अख्खे दाणे खाण्याची हौस हुरड्याच्या दिवसांपुरतीच उरते. वास्तविक रात्रभर भिजवलेली ज्वारी तिप्पट पाण्यात घालून कुकरमध्ये मऊ शिजवली, तर एकाच वाडग्यात पुरे जेवण मांडता येते. या धान्यात लायसिन कमी असते. लायसिन म्हणजे शरीराला स्वतः तयार करता न येणारे, प्रथिनांचा घटक असलेले एक अमिनो आम्ल. ही उणीव मोड आलेली, वाफवलेली मटकी भरून काढते, तर कडधान्यात कमी पडणारे मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल धान्याकडून आणि वरून भुरभुरलेल्या तिळाकडून मिळते. सोबत गाजर, काकडी, परतलेला लाल भोपळा किंवा घरात असेल ती भाजी चालते. लिंबू मात्र वगळू नये, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि लिंबाचा रस पाण्यात कालवून केलेली पातळ चटणी बाटलीतल्या तयार ड्रेसिंगपेक्षा सरस ठरते. दूधदुभतेही पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांनी ब-12 जीवनसत्त्वाची सोय वेगळी करावी, कारण ते या वाडग्यातून मिळत नाही.