अवघड स्पीकरला अ‍ॅम्प निवडताना
● ओहम : स्पीकरवरचा '८ ओहम' हा इम्पीडन्सचा (विद्युतरोधाचा) ढोबळ आकडा. काही फ्रिक्वेन्सींना तो ३ ओहमपर्यंत उतरतो आणि अ‍ॅम्पकडून जादा करंट मागतो. १९८०च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर तर १ ओहमचा. त्याने भल्याभल्या अ‍ॅम्पना घाम फोडला.

● वॅट : आवाज ३ डेसिबल वाढवायला दुप्पट, १० डेसिबलला दसपट वॅट लागतात. ९३ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला जिथे १० वॅट पुरतात, तिथे ८३वाल्याला १०० हवेत.

● प्रीअ‍ॅम्प : पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दसपट असावा. व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पला पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स कमी पडला, तर खर्ज पातळ होतो.

● खरेदीपूर्वी : ४ ओहमला किती वॅट मिळतात, ते विचारा. ८ ओहमच्या जवळपास दुप्पट असतील, तर अ‍ॅम्प दमदार समजा.