ठिपक्यांचे चित्र आणि रेषांचे चित्र

आमच्या गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा कमानीवर सहा फुटी फलक लागला. त्यावर शाळेचे बोधचिन्ह, तेवती समई. लांबून समई दिसे. जवळ गेलो तर नुसत्या चौकटी! ते चिन्ह काढणारे चित्रकलेचे गुरुजी आज हयात नाहीत. मूळ कागद वाळवीने खाल्ला. उरली ती संगणकातली एक जुनी, एवढीशी फाईल. असे तुमच्याही शाळेत घडले असेल. मग करायचे काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणकातली चित्रे दोन जातींची असतात. पहिली जात ठिपक्यांची. फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट आठवा. तो मोठा करायला जावे, तर टाकेच मोठे होतात. आमचे चित्र ६०० ठिपके रुंद होते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ते दोन इंचांपुरते ठीक. सहा फूट म्हणजे ७२ इंच. इंचाला जेमतेम आठ ठिपके आले. चौकटी दिसणार नाहीत तर काय?

दुसरी जात रेषांची. तिला ‘व्हेक्टर’ म्हणतात. इथे ठिपके साठवायचे नाहीत, कृती साठवायची. ‘केंद्र येथे, त्रिज्या इतकी’ असे सांगितले की वर्तुळ वहीत काढा की फळ्यावर, गोलाई तीच. वाकड्या वळणांसाठीही गणित आहे. फ्रान्समध्ये रेनॉ कारखान्याचे इंजिनियर पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणे मांडण्यासाठी ते प्रचारात आणले. त्याच वक्ररेषा आज छपाईत वापरतात.

आता कृती. जुनी फाईल जपून ठेवा, काम तिच्या प्रतीवर करा. ‘इंकस्केप’ हा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात ठिपक्यांच्या कडा शोधून रेषा आखून घेता येतात. चित्र आधी स्वच्छ काळे-पांढरे केले तर काम सोपे जाते. ब्रीदवाक्याची अक्षरे मात्र अशी आखू नका. ती नव्याने टाईप करा आणि त्यांचेही रेषांत रूपांतर करा, म्हणजे छापखान्यात तो टाईप नसला तरी बिघडत नाही. शेवटी एक प्रत एसव्हीजी आणि एक पीडीएफ म्हणून साठवा. पण ध्यानात ठेवा, ठिपक्यांचे चित्र नुसते पीडीएफमध्ये घातले तर ते ठिपक्यांचेच राहते. नाव बदलून जात बदलत नाही! आणि छायाचित्रे या वाटेला नेऊच नयेत. ती ठिपक्यांतच शोभतात.

एक गोष्ट मात्र यंत्राला जमत नाही. जे ठिपक्यांत उरलेच नाही, ते यंत्र अंदाजाने भरते. आमच्या समईची ज्योत त्याने बोथट केली. तेव्हा एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जुने प्रगतिपुस्तक सापडले. त्यावर चिन्ह ठसठशीत छापलेले होते, आणि ज्योतीचे टोक किंचित डावीकडे झुकलेले! ते पाहून आम्ही हाताने रेषा दुरुस्त केली.

म्हणून आधी गावातल्या जुन्या पेट्या उघडा, मग संगणक. आणि नवी फाईल दोन-तीन ठिकाणी ठेवताना तिच्यासोबत चित्र काढणाऱ्याचे नावही लिहून ठेवा.