परदेशात लॅपटॉपला नेट: समज आणि वस्तुस्थिती

युरोपला जायचं ठरलं आणि लॅपटॉप बरोबर न्यायचा असला की पहिली चौकशी होते ती डोंगलची. लॅपटॉपला वेगळं कनेक्शन लागतं, हा समज त्यामागे असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये सिमकार्डाला जागाच नसते आणि तिची गरजही पडत नाही. फोनमध्ये डेटा असेल तर हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडता येतो. यूएसबी केबलने जोडलात तर आणखी उत्तम, कारण हॉटस्पॉटमुळे झपाट्याने उतरणारी फोनची बॅटरी त्याच केबलमधून चार्ज होत राहते. वेगळं यंत्र, म्हणजे पॉकेट वायफाय, चार-पाच जणांच्या कुटुंबाला सोयीचं; जपानमध्ये तर ते विमानतळावरच भाड्याने मिळतं. एकट्यादुकट्याने मात्र फोनचीच नीट तयारी करावी.

‘युरोपात कुठेही सिम घ्या, सगळीकडे चालतं’ हे निम्मंच खरं आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधले रोमिंगचे जादा आकार बंद केले आणि पुढे हा नियम २०३२ पर्यंत वाढवला. नॉर्वे आणि आइसलँडलाही तो लागू आहे. त्यामुळे पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्ये चालतं. स्वित्झर्लंड मात्र संघाबाहेर आहे, आणि आता ब्रिटनही. आपल्याकडच्या युरोप सहलीतून टिटलिस किंवा युंगफ्राउ सहसा सुटत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे ना, एवढं नक्की बघा.

सर्वांत महागात पडणारा समज डेटाचा. फोनला रोज एक जीबी पुरतो, मग लॅपटॉपलाही पुरेल, असं आपण धरून चालतो. फोन मोबाइल डेटावर आहे हे ओळखून बरीच मोठी कामं थांबवून ठेवतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट हे घरच्या ब्रॉडबँडसारखंच साधं वायफाय वाटू शकतं. मग विंडोजचे अपडेट उतरू लागतात, दिवसभरात कॅमेऱ्यातून काढून घेतलेले फोटो क्लाउडवर चढू लागतात, आणि आपण मेल वाचत असताना पॅक संपतो. उपाय अगदी सोपा आहे. विंडोजमध्ये हॉटस्पॉटला जोडल्यावर ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग त्या वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मॅकवर हेच काम ‘लो डेटा मोड’ करतो. व्हिडिओ मीटिंग असेल तर हिशेब आधीच करा. सेकंदाला दीड मेगाबिट धरले तरी तासाला पावणेसातशे एमबी होतात, आणि आपलं चित्र पलीकडे जातं त्याचा डेटा वेगळाच. ‘अनलिमिटेड’ पॅकमध्येही अनेकदा रोजच्या ठरावीक डेटानंतर वेग पार खाली येतो. काहींत तर हॉटस्पॉटलाच मनाई असते. ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तरी वाचाच.

भारतातलं सिम काढून ठेवायचं, हा सल्ला अजूनही दिला जातो. कृपया तसं करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि परक्या गावात तो न आल्याने व्यवहार अडला तर माणूस अगदी हतबल होतो. निघण्यापूर्वी त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, फोनमध्ये त्याचा फक्त डेटा रोमिंग बंद ठेवा आणि नेटसाठी ई-सिम घ्या. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे. ई-सिम बसवायलाच इंटरनेट लागतं, म्हणून ते घरच्या वायफायवर बसवून जावं. व्हॉट्सॲपचा नंबर यात बदलत नाही. विचारणा झालीच तर जुना नंबर कायम ठेवा.

हॉटेलच्या वायफायवर बँकेचं काम केलं की खातं रिकामं झालंच, ही भीती आता बरीच अतिरंजित आहे. बँकेची साइट आणि आपला लॅपटॉप यांच्यातली देवाणघेवाण एन्क्रिप्टेड असते. धोका आहे तो हॉटेलच्या नावाने कुणी उघडलेल्या बनावट नेटवर्कचा आणि ब्राउझरने दिलेला प्रमाणपत्राचा इशारा डावलून पुढे जाण्याचा. नेटवर्कचं नेमकं नाव काउंटरवर विचारून घ्या. लॉगिनचं पान उघडत नसेल तर व्हीपीएन तेवढ्यापुरतं बंद करून बघा.

चीनला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथल्या हॉटेलच्या वायफायवर किंवा स्थानिक सिमवर जीमेल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर साधारणपणे चालतात. रोमिंगचा डेटा सहसा आधी आपल्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमध्ये येतो आणि मगच बाहेर पडतो. त्यामुळे वेग थोडा कमी मिळतो, पण ऑफिसची मेल उघडते.