देव होता, माणूस झाला

१९४५ साल. ऑगस्ट महिन्याची १५ तारीख. दुपारचे बारा वाजायला आले होते. जपान देशात गावोगाव लोक रेडिओभोवती गोळा झाले होते. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, ते शेजाऱ्याच्या दारी आले होते. शाळेची मुले, कारखान्यातले कामगार, शेतकरी, म्हातारीकोतारी, सगळे उभे होते. कुणी बोलत नव्हते. आज खुद्द सम्राट बोलणार होता.

यात एवढं विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. राजे तर बोलतातच. पण जपानच्या साध्या माणसाने आपल्या सम्राटाचा आवाज तोवर ऐकलाच नव्हता. सम्राट म्हणजे देव. तो सूर्यदेवीच्या वंशातला. असे मुलांना शाळेत शिकवत. मग देवाचा आवाज कानी पडेल कसा?

बारा वाजले. आवाज आला. लोकांनी माना खाली घातल्या आणि जिवाचे कान करून ऐकले. पण काय सांगावं! पुष्कळांना त्यातले काही कळलेच नाही. भाषण जुन्या दरबारी भाषेत होते. एखादे शास्त्रीबुवा जड संस्कृत शब्दांत बोलू लागले, की आपली जशी गत होते, तशी त्या लोकांची झाली. त्यात रेडिओची खरखर. 'आपण हरलो' असे साधे शब्द भाषणात नव्हतेच. मग रेडिओवरच्या माणसाने सारे पुन्हा वाचले आणि समजावून सांगितले. तेव्हा उलगडा झाला. लढाई संपली होती. जपान हरला होता.

ज्याच्या नावाने लाखो लोक मेले, त्याचे बोलणे त्यांच्या घरच्यांना समजत नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आता हा सम्राट कोण, तो कसा वाढला आणि त्याचे पुढे काय झाले, ते पाहू.

पिंजऱ्यातले बालपण

त्याचे नाव हिरोहितो. त्याचा जन्म २९ एप्रिल १९०१ रोजी टोकियो शहरात झाला. त्याचे आजोबा सम्राट मेइजी. मेइजीच्या अमदानीत जपानने आगगाड्या सुरू केल्या, गिरण्या काढल्या, शाळा काढल्या, आणि तोफा व लढाऊ जहाजेही केली. १९०५ साली जपानने रशियासारख्या बलाढ्य देशाला हरवले. ती बातमी ऐकून आपल्या देशातही लोकांना हुरूप आला होता. आशियातला माणूस युरोपातल्या माणसाला हरवू शकतो, हे त्यांनी पाहिले.

हिरोहितोच्या घरी कशाची वाण नव्हती. नव्हता तो आईबापांचा सहवास. तो अडीच महिन्यांचाही झाला नव्हता, तोच रिवाजाप्रमाणे त्याला एका वृद्ध नौसेनापतीच्या घरी वाढायला दिले. पुढे शाळेत गेला, तर शाळेचे प्रमुख होते सेनापती नोगी. मोठे कडक आणि साधे राहणारे गृहस्थ. १९१२ साली सम्राट मेइजी वारला. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी नोगी आणि त्यांच्या पत्नीने धन्यापाठोपाठ स्वतःचे प्राण दिले. हिरोहितो तेव्हा अकरा वर्षांचा होता. राजासाठी मरणे हाच मोठेपणा, असे मानण्याचा तो काळ होता.

मुलाला स्वतःला आवड होती ती समुद्रातल्या लहान लहान जिवांची. शिंपले, किडे, शेवाळ गोळा करावे आणि निरखीत बसावे. ही आवड त्याची जन्मभर टिकली.

१९२१ साली तो युरोपच्या प्रवासाला गेला. जपानचा युवराज युरोपात जाण्याची ही पहिलीच वेळ. पॅरिस शहरात तो जमिनीखालून धावणाऱ्या आगगाडीत बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने तिकीट काढले. ते तिकीट म्हणे त्याने जन्मभर जपून ठेवले. आपण एस.टी.तून उतरलो, की तिकीट फेकून देतो. मग या राजपुत्राला त्याचं एवढं कौतुक का? कारण ज्याला स्वतःच्या मनाने चार पावलेही टाकता येत नाहीत, त्याला एका तिकिटाचेही मोल वाटते. आपले आयुष्य पिंजऱ्यातल्या पाखरासारखे होते, असे पुढे त्याने स्वतःच सांगितले.

शिक्का कोणाचा, हात कोणाचा?

वडील आजारी होते, म्हणून १९२१ च्या अखेरीपासून हिरोहितो राज्याचा कारभार पाहू लागला. १९२३ साली टोकियो भागात भयंकर भूकंप झाला. लाखावर माणसे गेली. २५ डिसेंबर १९२६ ला वडील वारले आणि हिरोहितो सम्राट झाला. जपानात प्रत्येक राजवटीला एक नाव देतात. या राजवटीचे नाव ठेवले 'शोवा'. त्यात उजेड आणि शांती असा अर्थ आहे. पण नावाप्रमाणे घडले मात्र नाही.

असे का झाले? जपानची जुनी घटना १८८९ सालची. घटना म्हणजे देशाचा मूळ कायदा. राज्य कोणी, कसे चालवायचे, ते त्यात लिहिलेले असते. या घटनेत सम्राट पवित्र मानला होता आणि सगळी सत्ता त्याची, असे लिहिले होते. फौजही त्याचीच. पण रिवाज असा, की मंत्र्यांनी आणि सेनापतींनी ठरवायचे आणि सम्राटाने शिक्का द्यायचा. म्हणजे शिक्का एकाचा आणि हात दुसऱ्याचा.

सेनापतींनी याचा फायदा घेतला. ते म्हणू लागले, "आम्ही सम्राटाची माणसं. आम्हाला विचारणारे मंत्री कोण?" १९३१ साली फौजेने सरकारची परवानगी न घेताच चीनच्या मांचुरिया प्रांतात लढाई सुरू केली. १९३२ साली नौदलातल्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधानाचाच खून केला. १९३७ साली चीनशी उघड युद्ध पेटले. नानकिंग शहरात जपानी फौजेने नि:शस्त्र माणसांची कत्तल केली आणि बायकांवर अत्याचार केले. हे सारे कोणाच्या नावाने? सम्राटाच्या. इकडे जपानात शाळेतली मुले सम्राटाच्या तसबिरीपुढे वाकत होती. प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग सम्राटाला हे पसंत होते का? दोन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग १९३६ सालचा. फेब्रुवारीच्या २६ तारखेला सुमारे १,४०० सैनिकांनी टोकियोत बंड केले. काही बड्या अधिकाऱ्यांना ठार मारले. बंडवाले म्हणत होते, 'आम्ही हे सम्राटासाठीच करतो.' पण सम्राट भयंकर चिडला. बंड ताबडतोब मोडा, नाहीतर मी स्वतः फौज घेऊन निघतो, असे त्याने बजावले. चार दिवसांत बंड मोडले. म्हणजे मनात आणले, तर सम्राटाला 'नाही' म्हणता येत होते.

दुसरा प्रसंग १९४१ सालच्या सप्टेंबरातला. अमेरिका आणि इंग्लंड यांच्याशी लढायची तयारी करावी काय, यावर दरबारात बैठक झाली. सम्राटाने खिशातून कागद काढला आणि आजोबांची एक कविता वाचली. ती कविता शांततेविषयी होती. सगळे चूप झाले. पण 'युद्ध नको' हे दोन साधे शब्द त्याने उच्चारले नाहीत. पुढे डिसेंबरात युद्धाचा ठराव त्याच्यापुढे आला, तेव्हा त्याने संमती दिली. ८ डिसेंबरला जपानी विमानांनी अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर हल्ला केला.

काही इतिहासकार म्हणतात, त्याचे हात बांधलेले होते. काही म्हणतात, त्याला सारे ठाऊक होते आणि जिंकत होतो तोवर त्याची हरकत नव्हती. वाद अजून मिटलेला नाही.

आग आपल्या दारापर्यंत

ही आग आपल्या दारापर्यंतही आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. मग ब्रह्मदेश पडू लागला. तिथे पोटापाण्यासाठी गेलेले लाखो भारतीय लोक रानावनांतून पायी घराकडे निघाले. कित्येक वाटेतच मेले. १९४४ साली लढाई इंफाळ आणि कोहिमापर्यंत आली. मणिपुरात सांगशाक गावाजवळ मराठा पलटणीचे जवान जपान्यांशी लढले. त्याच लढाईत जपान्यांच्या बाजूने सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना होती. तिला आपला देश सोडवायचा होता. म्हणजे आपली माणसे दोन्ही अंगांना होती.

१९४५ उजाडले तेव्हा जपानची दुर्दशा झाली होती. १० मार्चला एका रात्रीत टोकियोवर आगीचे बाँब पडले आणि सुमारे एक लाख माणसे मेली. ओकिनावा बेटावरच्या लढाईत लाखावर बेटवासी मेले. ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. रशियाही जपानवर चालून आला.

९ ऑगस्टच्या रात्री राजवाड्यातल्या तळघरात बैठक भरली. शरण जावे की लढावे? तिघे एका बाजूला, तिघे दुसऱ्या बाजूला. काही ठरेना. तेव्हा पंतप्रधान सुझुकी यांनी सम्राटालाच विचारले. सम्राट म्हणाला, युद्ध थांबवा. १४ तारखेला त्याने पुन्हा तेच सांगितले आणि रात्री त्याचे भाषण तबकडीवर भरून घेतले. काही अधिकाऱ्यांना हे कळले. त्यांनी तबकडीसाठी राजवाडा धुंडाळला. पण तबकडी दडवून ठेवली होती, ती त्यांना सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांनी ऐकली ती हीच तबकडी.

या युद्धात जपानची सुमारे ३१ लाख माणसे मेली. चीनमध्ये तर कोटीवर मेली. एका माणसाच्या शब्दाने युद्ध थांबले हे खरे. पण हाच शब्द चार वर्षे आधी निघाला असता तर? हा प्रश्न जपानी लोकांनीही पुढे पुष्कळदा विचारला.

मी देव नव्हे

जपानवर अमेरिकेचा अंमल बसला. सेनापती मॅकआर्थर हा तिथला मुख्य झाला. २७ सप्टेंबर १९४५ ला सम्राट त्याच्या भेटीला गेला. दोघांचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. मॅकआर्थर उंचापुरा, कमरेवर हात ठेवून उभा. शेजारी ठेंगणा सम्राट, अंगात लांब कोट. लोक बघतच राहिले. देव म्हणून ज्याला मान दिला, तो आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस!

१९४६ ते १९४८ पर्यंत टोकियोत युद्धाच्या गुन्ह्यांचा खटला चालला. अकरा न्यायाधीशांत आपल्या देशाचे राधाविनोद पाल हेही होते. माजी पंतप्रधान तोजो यांच्यासह सात जणांना फाशी झाली. सम्राटावर मात्र खटला भरला नाही. त्याला गादीवर ठेवले तर देश शांत राहील, असा अमेरिकेचा हिशेब होता. हे अनेकांना आजही पटत नाही.

१ जानेवारी १९४६ ला सम्राटाने जाहीरनामा काढला. सम्राट म्हणजे देव, ही समजूत खोटी आहे, असे त्यात म्हटले होते. मग तो गावोगाव हिंडू लागला. कारखान्यांत गेला, खाणीत उतरला, दवाखान्यांत गेला. पण बिचाऱ्याला लोकांशी बोलायची सवय कुठली! कुणी काही सांगितले, की म्हणायचा, "अस्सं होय?" दर वेळी तेच. लोक हसायचे. पण आता त्यांना हसायची भीती वाटत नव्हती, हे काय थोडं झालं?

सोप्या भाषेतला कायदा

३ मे १९४७ पासून जपानात नवी घटना लागू झाली. तिचा मसुदा मुख्यतः अमेरिकनांनी केला होता. जपानच्या संसदेने त्यात फेरफार करून ती मंजूर केली. आता राज्य लोकांचे. सम्राट म्हणजे देशाची एक खूण. त्याला कारभाराची सत्ता नाही. स्त्री आणि पुरुष यांचे हक्क सारखे. देशाने युद्धाचा मार्ग सोडला. त्याआधी, एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत, बायकांनी पहिल्यांदा मत दिले होते आणि ३९ बायका निवडून आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट झाली. पूर्वीचे कायदे जुन्या, जड भाषेत असत. ही घटना रोजच्या भाषेला जवळची अशी लिहिली. तिची माहिती देणाऱ्या लहान पुस्तिकेच्या २ कोटी प्रती छापल्या आणि घरोघर वाटल्या. दोन वर्षांपूर्वी सम्राटाचे बोलणे ज्यांना कळले नव्हते, तेच लोक आता देशाचा कायदा हातात धरून वाचू लागले.

हिरोहितो पुढे ४० वर्षांहून अधिक काळ गादीवर होता. त्याने समुद्रातल्या जिवांवर पुस्तके लिहिली. राजवाड्याच्या आवारात भाताचे खाचर होते. तिथे दरवर्षी तो आपल्या हाताने भाताची रोपे लावी. १९८७ साली तो ओकिनावाला जाणार होता, पण आजारी पडला. ज्या बेटावर एवढी माणसे मेली, तिथे सम्राट म्हणून त्याचे पाऊल कधीच पडले नाही. ७ जानेवारी १९८९ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, तो वारला. त्याने ६२ वर्षे राज्य केले. त्याच्यामागून मुलगा आकिहितो गादीवर आला. २०१९ साली आकिहितोने आपण होऊन गादी सोडली आणि नातू नारुहितो सम्राट झाला.

१५ ऑगस्ट ही तारीख आपल्यालाही ठाऊक आहे. जपान शरण आला त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, आपला देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपलीही घटना लागू झाली आणि सत्ता लोकांच्या हाती आली.

आपल्यात म्हण नसली तरी रीत आहे, की कागद वाचल्याशिवाय त्यावर अंगठा उठवू नये. हिरोहितो तर शिकलेला होता, शास्त्र जाणणारा होता. त्याने कागद वाचले आणि तरी शिक्का दिला. लोकांना तर कागद दिसलाच नाही. अक्षर येणे ही पहिली पायरी. वाचलेले न पटले, तर 'हे का?' असे विचारणे ही दुसरी. ती चढायला जपानला फार मोठी किंमत द्यावी लागली. आपल्याला ती फुकट मिळाली आहे, असे समजून खाली बसू नये.