दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया आणि मैदानी खेळ

ब्राझीलचे फुटबॉलपटू तोस्ताओ यांच्या डाव्या डोळ्यावर १९६९ साली चेंडू आदळला आणि दृष्टिपटल सुटले. शस्त्रक्रियेनंतर ते १९७० च्या विश्वविजेत्या संघातून खेळले; परंतु त्याच डोळ्यापायी १९७३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, त्यांना मैदान सोडावे लागले. पुढे ते डॉक्टर झाले.

आघाताने नेत्रगोल दबतो, आतील पारदर्शक द्रव दृष्टिपटलास ओढतो व ते फाटू शकते. जोडलेल्या पटलासही हा धोका राहतो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो, की अशा रुग्णाने मुष्टियुद्ध कायमचे वर्ज्य मानावे. फुटबॉलसारखे खेळ नेत्रतज्ज्ञांच्या अनुमतीनेच, पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावून खेळावेत. प्रकाशाच्या चमका, एकाएकी वाढलेले काळे ठिपके वा पडद्यासारखी सावली दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.